नवी बॅटरी टाकूनही दोन दिवस उभी राहिलेली पिकअप सुरू होत नाही : दोष बॅटरीचा, डायनामोचा की वायरिंगचा?

निफाडचा टोमॅटोवाला (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची, सात वर्षे वापरलेली पिकअप आहे. हंगामात ती रोज टोमॅटोचे क्रेट घेऊन पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जाते आणि आठवड्यातून एखादी फेरी रात्री कसारा घाट उतरून वाशीला होते. गेल्या दीड वर्षात या गाडीने दोन बॅटऱ्या खाल्ल्या आणि आता तिसरीही त्याच वाटेने निघाली आहे, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

गाडी रोज चालत असली तर सकाळी सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) जरा जड फिरतो, पण इंजिन सुरू होते. शनिवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी सोमवारी पहाटे काढायला गेलो, तर मात्र सेल्फ एक-दोनदा कण्हतो आणि मग नुसता ‘कट-कट’ आवाज येतो. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या की इंजिन सुरू होते, परंतु तेव्हाही सेल्फ म्हणावा तसा जोमाने फिरत नाही, हे मला खटकते.

सध्याची बॅटरी १२ व्होल्टची, ७५ ॲम्पिअर-तासांची असून ती बसवून पाच महिने झाले आहेत. पहिली बॅटरी ‘प्लेटा गेल्या’ या कारणाखाली वॉरंटीत बदलून मिळाली. दुसरीला मोडीचा भाव पटला नाही म्हणून ती शेडमध्ये पडून आहे. आणखी एक गोष्ट अशी की डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा रात्रीच्या अंधारात अगदी मंद, काजव्यासारखा दिसतो. दिवसा तो दिसतच नाही. त्याकडे लक्ष देऊ नका, असे मला सांगण्यात आले.

तालुक्याचे ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतात, डायनामो (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारे यंत्र) पूर्ण बदला. गॅरेजवाले म्हणतात, सेल्फ उतरवून पाहू. दोघांपैकी कोणीही अजून मीटर लावलेला मी पाहिलेला नाही. गाडीत मागाहून बसवलेल्या वस्तू दोनच आहेत, एक जीपीएस ट्रॅकर आणि दुसरा म्युझिक सिस्टीमचा ॲम्प्लिफायर. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी क्लचचे काम करून घेतले होते. त्याचा इथे संबंध असेल असे वाटत नाही, तरी लिहून ठेवतो. माझ्याकडे विहिरीच्या मोटारीसाठी घेतलेला साधा डिजिटल मल्टीमीटर आहे. सुरुवात कुठून करावी?

जुना वायरमन

दादा, माझी तीस वर्षे बस आणि ट्रकच्या वायरिंगमध्ये गेली. तुमच्या प्रश्नातली दोन वाक्ये मी पुन्हा वाचली. एक क्लचच्या कामाचे आणि दुसरे ट्रॅक्टरची बॅटरी जोडूनही सेल्फ जड फिरण्याचे. त्यांच्याकडे नंतर येऊ. आधी बॅटरी खरोखर दोषी आहे की तिच्यावर नुसताच आळ आला आहे, हे ठरवायला हवे, आणि ते ठरवताना बॅटरी गाडीपासून अलग असली पाहिजे.

प्रथम निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि मग पॉझिटिव्ह. जोडताना याच्या उलट, म्हणजे निगेटिव्ह सर्वांत शेवटी. त्यामुळे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. बॅटरी घरी आणून चार्जरवर क्षमतेच्या एक दशांश करंटने, म्हणजे सात-साडेसात ॲम्पिअरने पूर्ण चार्ज करा. खोली उघडी ठेवा आणि जवळ विडी-काडी नको, कारण चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते. पाणी कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे किंवा फिल्टरचे पाणी घालू नये आणि ॲसिड तर मुळीच घालू नये.

चार्ज झाल्यावर लगेच मीटर लावू नका. प्लेटांच्या पृष्ठभागावर साचलेला चार्ज आकडा फुगवून दाखवतो, म्हणून बॅटरी रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मोजा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ व्होल्ट दिसले तर ती जवळजवळ रिकामी समजावी. लोक १२ ला ‘१२ व्होल्टची बॅटरी ठीक आहे’ असे म्हणून मोकळे होतात आणि तिथेच फसतात.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनेही, म्हणजे ॲसिडचे विशिष्ट गुरुत्व मोजणाऱ्या नळीनेही, तपासा. विशिष्ट गुरुत्वाच्या आकड्यात ०.८४ मिळवले की त्या सेलचे (बॅटरीतल्या त्या कप्प्याचे) व्होल्टेज येते, १.२६ अधिक ०.८४ म्हणजे २.१, आणि सहा सेलांचे १२.६. हायड्रोमीटर आणि मीटर यांचा असा मेळ बसला, शिवाय सहाही सेल एकमेकांच्या जवळ असले, तर बॅटरी धडधाकट आहे. एखादाच सेल ०.०५० ने मागे असेल तर तो सेल गेला आणि त्याबरोबर बॅटरीही गेली. ही मोजमापे घेऊन इथे टाका. तोपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

हायवे सारथी

एवढा खटाटोप कशाला? इंजिन सुरू करा आणि चालू इंजिनावर बॅटरीचे एक टर्मिनल काढा. इंजिन बंद पडले तर डायनामो गेला, चालू राहिले तर बॅटरी गेली. आमच्या वडिलांच्या काळापासून असेच पाहतात.

आयटीआय शिक्षिका

सारथीदादांचा हेतू चांगला आहे, परंतु हा प्रयोग कृपया कोणीही करू नये. वडिलांच्या काळातील डिझेल गाडीत इंजिन चालू ठेवायला विजेची जवळजवळ गरजच नव्हती. इंधनाचा पंप यांत्रिक होता आणि बिघडण्यासारखे इलेक्ट्रॉनिक्स गाडीत नव्हतेच. आजच्या कॉमन रेल इंजिनात ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक असतो. चालू इंजिनावर बॅटरी तोडली की डायनामोचा करंट घेणारा सर्वांत मोठा ग्राहक एका क्षणात नाहीसा होतो. रेग्युलेटर (डायनामोचे व्होल्टेज आवरणारा भाग) सावरेपर्यंत व्होल्टेज क्षणभर चाळीस-पन्नास व्होल्टच्या किंवा त्याहूनही वर उसळू शकते. त्या उसळीत डायोड, रेग्युलेटर आणि ईसीयू यांपैकी काहीही जाऊ शकते. शिवाय या प्रयोगातून निदानही नीट होत नाही, कारण अर्धवट चार्ज करणारा डायनामोसुद्धा इंजिन चालू ठेवतो.

टोमॅटोवाले दादा, तुमच्या पहिल्या संदेशातला तो काजव्यासारखा दिवा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या दिव्याचे एक टोक चावीमार्गे बॅटरीच्या बाजूला आणि दुसरे टोक डायनामोच्या आत जोडलेले असते. चावी लावली की बॅटरीकडून डायनामोकडे करंट जातो आणि दिवा पेटतो. डायनामो चार्ज करू लागला की दोन्ही टोकांचे व्होल्टेज सारखे होते आणि दिवा विझतो. तो पूर्ण न विझता मंद तेवत राहिला, तर दोन टोकांमध्ये अजून थोडा फरक आहे असा त्याचा अर्थ होतो. हा फरक डायनामोच्या आतल्या डायोडमुळे पडतो किंवा डायनामोपासून बॅटरीपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी व्होल्टेज सांडते आहे म्हणून पडतो.

तुमच्याकडे ठिबक असेलच. पंपाजवळच्या गेजवर दाब पुरेसा आहे, पण फिल्टर तुंबल्यामुळे शेवटच्या लॅटरलला पाणी पोहोचत नाही, तेव्हा आपण पंप बदलत नाही, फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दाब पाहतो. विजेत हेच काम मल्टीमीटर करतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एकाच वायरच्या दोन टोकांना त्याच्या दोन पिना लावायच्या. वायर आणि तिचे जोड चांगले असतील तर आकडा शून्याच्या जवळ राहील; जो आकडा दिसेल तेवढे व्होल्टेज त्या वाटेत वाया जात आहे. मात्र करंट वाहत असतानाच हे मोजता येते. बंद गाडीत ओहमवर मोजले तर गंजलेला जोडही ‘शून्य’ दाखवतो, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते.

चार्जिंगसाठी इंजिन सुरू करून, हेडलाइट व ब्लोअर लावून, वेग थोडा वाढवून चार आकडे घ्या: डायनामोच्या जाड वायरच्या बोल्टापासून डायनामोच्या बॉडीपर्यंत, बॅटरीच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, डायनामोच्या बोल्टापासून बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापर्यंत, आणि डायनामोच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत. पिन शिशाच्या खांबालाच टेकवा, वरच्या क्लॅम्पला नको, म्हणजे क्लॅम्प आणि खांब यांच्यातला दोषही मापात येईल. सेल्फसाठी हेच चार आकडे सेल्फच्या जाड बोल्टावर आणि बॉडीवर, सेल्फ फिरत असताना घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि फॅनपासून कपडे दूर असावेत. इंजिन सुरू होऊ नये म्हणून पुस्तिकेत दाखवलेला इंजिन कंट्रोलचा फ्यूज काढून ठेवा, आणि एका वेळी पाच-सहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका.

देवगडचा बागायतदार

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे खाऱ्या हवेमुळे इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी अर्थिंगची विणलेली पट्टी चार-पाच वर्षांत हिरवी पडून आतून पोखरली जाते. माझ्या गाडीत ती वरून अखंड दिसत होती, पण हातात धरून वाकवली तेव्हा तिची पूडच झाली. तोपर्यंत सेल्फचा परतीचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जात होता आणि केबलचे आवरण वितळले होते. तुमच्याकडे समुद्र नाही, पण फवारणीची औषधे आणि खते गाडीतूनच जात असतील, तर तीही कमी नाहीत.

निफाडचा टोमॅटोवाला

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे मोजमापे घेतली. गावात सौर पंप बसवणाऱ्या मुलाकडे डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) निघाला, त्यामुळे करंटही मोजता आला. आमच्या गावातल्या वायरमनचा क्लॅम्प मीटर आधी लावून पाहिला होता, तो मात्र शून्यच दाखवत राहिला. तो फक्त एसी मोजतो हे नंतर कळले.

बॅटरी : चार्ज करून रात्रभर अलग ठेवल्यावर १२.६२ व्होल्ट, दुसऱ्या दिवशीही १२.६१. हायड्रोमीटरवर सहाही सेल १.२५५ ते १.२६० यांच्या दरम्यान.

चार्जिंग, सुमारे ४० ॲम्पिअर वाहत असताना : डायनामोवर १४.२ व्होल्ट, बॅटरीवर १३.३. पॉझिटिव्ह बाजूला ०.६५, निगेटिव्ह बाजूला ०.२५.

सेल्फ फिरताना, सुमारे २५० ॲम्पिअर : बॅटरीवर १०.४ व्होल्ट, सेल्फवर ८.४५. पॉझिटिव्ह बाजूला ०.३५, निगेटिव्ह बाजूला १.६.

याचा अर्थ मला थोडा लागतो आहे, पण पूर्ण नाही.

आयटीआय शिक्षिका

आकडे इतके व्यवस्थित घेतले आहेत की वर्गात फळ्यावर लिहावेत. आधी बेरजा पाहू. चार्जिंगमध्ये ०.६५ आणि ०.२५ मिळून ०.९०, डायनामो आणि बॅटरी यांच्यातला फरकही नेमका ०.९. सेल्फमध्ये ०.३५ आणि १.६ मिळून १.९५, १०.४ वजा ८.४५ म्हणजेही १.९५. बेरजा जुळल्या की कुठले माप चुकले नाही आणि कुठली वाट नजरेतून सुटली नाही अशी खात्री पटते.

तुमची बॅटरी चांगली आहे. सेल्फ फिरताना ती १०.४ ला टिकते, म्हणजे ९.६ या नेहमीच्या किमान मर्यादेपेक्षा चांगलीच वर आहे. सेल्फही बहुधा चांगला आहे; त्याला साडेआठ व्होल्टसुद्धा मिळत नसतील तर तो जड फिरणारच. ट्रॅक्टरची बॅटरी जोडूनही फरक का पडत नव्हता, याचे उत्तर इथेच आहे. वायरी तुम्ही बॅटरीला जोडत होता आणि अडथळा बॅटरीच्या पुढे होता.

आता निगेटिव्ह बाजू पाहा. चाळीस ॲम्पिअरला ०.२५ व्होल्ट म्हणजे सुमारे सव्वासहा मिलिओहम, आणि अडीचशे ॲम्पिअरला १.६ म्हणजे सुमारे ६.४ मिलिओहम. दोन वेगळ्या कामांत अडथळा जवळजवळ सारखाच निघतो, कारण डायनामो आणि सेल्फ या दोघांचाही परतीचा रस्ता एकच आहे: इंजिनापासून चेसिसपर्यंतची अर्थिंगची पट्टी. सेल्फ चालताना संपूर्ण अर्थ बाजूला ०.२ व्होल्टच्या आसपास घट चालते, तुमची १.६ आहे. वायरमनकाकांनी क्लचच्या कामाकडे आधीच बोट दाखवले होते. गिअरबॉक्स उतरवताना ही पट्टी सोडावी लागते, आणि परत बसवताना रंगावर किंवा गंजावरच बोल्ट आवळला तर बाहेरून काहीच कळत नाही.

पॉझिटिव्ह बाजूचा दोष मात्र वेगळा आहे. सेल्फच्या जाड केबलमध्ये अडीचशे ॲम्पिअरला ०.३५ ची घट चालण्यासारखी आहे. डायनामोच्या वायरमध्ये चाळीस ॲम्पिअरलाच ०.६५ ची घट मुळीच चालण्यासारखी नाही. ही वायर बॅटरीजवळच्या मेन फ्यूजमधून जाते. मीटरची एक पिन बॅटरीच्या खांबावर ठेवून दुसरी वाटेतल्या एकेका जोडावर सरकवत न्या. ज्या जोडाच्या दोन बाजूंना आकडा एकदम बदलेल तोच चोर.

या दोन्ही दोषांमुळे बॅटरीपर्यंत १३.३ व्होल्टच पोहोचतात. १३.३ व्होल्टवर बॅटरी भरते, पण फार सावकाश, आणि पिंपळगावसारख्या छोट्या फेऱ्यांत ती पूर्ण भरायला वेळच मिळत नाही. महिनोन् महिने अर्धवट भरलेल्या प्लेटांवर शिसे-सल्फेटचे टणक थर बसतात. तुमच्या आधीच्या बॅटऱ्यांचे बहुधा हेच झाले असावे.

जुना वायरमन

ताईंनी बरोबर पकडले आहे. परंतु शनिवार ते सोमवार एवढ्यात बॅटरी उतरते, याचा हिशेब अजून लागलेला नाही. बंद गाडी किती करंट खाते, हेही पाहायला हवे.

त्यासाठी क्लॅम्प मीटरपेक्षा तुमचा मल्टीमीटर बरा, कारण डीसी क्लॅम्पला मिलिॲम्पिअरमधला फरक नीट दिसत नाही. लाल पिन दहा ॲम्पिअरच्या भोकात घाला, निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि मीटर खांब व केबल यांच्या मध्ये जोडा. त्यानंतर चावी फिरवू नका, सेल्फ तर चुकूनही नको. मीटरचा फ्यूज उडेल. दाराचे लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद ठेवा, म्हणजे केबिनचा दिवा विझेल. मग अर्धा तास थांबा. टर्मिनल जोडल्यावर ईसीयू आणि इतर यंत्रणा काही वेळ जाग्या राहतात, तेव्हाचा आकडा खरा नसतो. तीस ते पन्नास मिलिॲम्पिअर (०.०३ ते ०.०५ ॲम्पिअर) म्हणजे सर्व ठीक आहे.

आकडा जास्त निघाला तर फ्यूज उपटत बसू नका. फ्यूज काढून पुन्हा घातला की झोपलेली यंत्रणा परत जागी होते आणि सगळे मोजमाप बिघडते. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांना पिना टेकवा. ज्या फ्यूजमधून करंट जातो आहे तिथे थोडे मिलिव्होल्ट दिसतात, बाकीच्यांवर शून्य. दोन मीटर असतील तर काम सोपे होते.

सर्व फ्यूज निर्दोष निघाले, तर बॅटरीला थेट जोडलेल्या वायरी एकेक सोडा. डायनामोची जाड वायर सोडण्याआधी मात्र निगेटिव्ह टर्मिनल पूर्ण काढा, कारण त्या बोल्टावर चावी बंद असतानाही बॅटरीचा पूर्ण दाब असतो. हीटर प्लगचा (थंड डिझेल इंजिन तापवणाऱ्या प्लगचा) रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, चिकटला असेल का, अशी शंका तुम्हाला येईल. पण तो चिकटला तर तीस-चाळीस ॲम्पिअर जातात आणि बॅटरी दोन-तीन तासांतच आडवी होते. तुमचे लक्षण तसे नाही.

निफाडचा टोमॅटोवाला

अर्ध्या तासानंतरचा आकडा ०.६२ ॲम्पिअर. फ्यूजबॉक्समधून मिळून फक्त ०.०३. जीपीएस ट्रॅकरची वायर सोडली तेव्हा ०.०६ कमी झाले, ॲम्प्लिफायरची सोडली तेव्हा ०.११. उरलेले ०.४२ मात्र कशानेच हलेनात. शेवटी निगेटिव्ह काढून डायनामोची जाड वायर सोडली, तिच्या टोकाला टेप गुंडाळली आणि परत मोजले. तेवढे सगळे नाहीसे झाले.

म्हणजे डायनामो बदला म्हणणारे इलेक्ट्रिशियनच बरोबर होते की काय?

जुना वायरमन

निम्मे बरोबर. डायनामोच्या आत तीन फेजांचा एसी तयार होतो आणि डायोड प्लेटवरचे सहा डायोड त्याचा डीसी करतात. डायोड म्हणजे एका दिशेने उघडणारे दार. त्यातला एखादा गळका झाला की गाडी बंद असताना बॅटरीचा करंट उलट दिशेने डायनामोच्या गुंडाळ्यांत झिरपतो. खात्री करायची असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर एसी व्होल्टवर लावा. निरोगी डायनामोत तिथे अर्ध्या व्होल्टच्या आतच आकडा दिसतो.

डायोड प्लेट वेगळी मिळते आणि बदलता येते. आर्मेचर, गुंडाळ्या, बेअरिंग शाबूत असतील तर संपूर्ण डायनामो कशाला टाकायचा? उघडलाच आहे तर कार्बनही (फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे ब्रश) पाहून घ्या. ते अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर बदला.

आता तुमच्या सोमवारचा हिशेब लावू. शनिवार संध्याकाळ ते सोमवार पहाट म्हणजे सुमारे ३६ तास. ०.६२ गुणिले ३६ म्हणजे २२ ॲम्पिअर-तास, ७५ पैकी तीस टक्क्यांच्या आत. पूर्ण भरलेल्या बॅटरीतून तीस टक्के गेले तरी गाडी सुरू होते. पण ताई म्हणतात त्याप्रमाणे तुमची बॅटरी मुळातच पूर्ण भरत नव्हती, त्यातून हे तीस टक्के गेले, आणि उरल्यासुरल्या दाबातले जवळजवळ दोन व्होल्ट सेल्फपर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत सांडले. तीन दुखण्यांपैकी कोणतेही एकटे असते तर गाडी कदाचित कुरकुरत का होईना, चालू झाली असती. म्हणून तर कोणाला ते सापडत नव्हते.

आयटीआय शिक्षिका

एक विनंती. मेन फ्यूज खराब निघाला तर त्या जागी साधी वायर किंवा तांब्याची तार घालू नये. तीच वायर शॉर्ट झाली तर गाडी पेटते, आणि ती अडवणारे दुसरे काहीच त्या वाटेवर नसते. त्याच ॲम्पिअरचा फ्यूज घाला. पट्टीचे दोन्ही बोल्ट बसतात तिथला रंग आणि गंज खरवडून धातू चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा.

निफाडचा टोमॅटोवाला

उशिरा लिहीत आहे, हंगामाची धांदल होती.

अर्थिंगच्या पट्टीचा चेसिसकडचा बोल्ट हातानेच फिरला. खाली रंगाचा जाड थर आणि त्याखाली गंज. क्लचच्या कामानंतर तो नुसता अडकवलेला होता. पट्टी नवीन घेतली आणि जागा घासून बसवली. मेन फ्यूजच्या डबीतला एक नट सैल होता. भोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी पडून वाकले होते. डबीसकट फ्यूज बदलला आणि वायरीला नवीन थिंबल (टोकाची धातूची टोपी) दाबून बसवले. एसी व्होल्ट मोजले तेव्हा १.१ आले, म्हणून डायनामो उतरवून पिंपळगावला नेला. डायोड प्लेटवरचा एक डायोड गळका निघाला आणि कार्बनही संपत आले होते, दोन्ही बदलले. ॲम्प्लिफायर आता चावीच्या रिलेवर घेतला आहे. ट्रॅकर थेट बॅटरीवरच ठेवला, कारण गाडी रात्री बाजारात उभी असते.

आताचे आकडे : डायनामोवर १४.२, बॅटरीवर १४.०. सेल्फ फिरताना निगेटिव्ह बाजूला ०.१५. एसी ०.०८. बंद गाडीत ट्रॅकरसह ०.०९ ॲम्पिअर. काजवा विझला. मागच्या आठवड्यात पावसामुळे तोडणी थांबली आणि गाडी चार दिवस जागेवर होती. पाचव्या दिवशी बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते आणि सेल्फने पहिल्याच झटक्यात इंजिन उचलले. घरच्यांना वाटले, चौथी बॅटरी आणली.

शेडमध्ये पडलेल्या दुसऱ्या बॅटरीबद्दल विचारायचे आहे. तिच्यावरही आळच आला होता असे दिसते. ती चार्ज करून पॅकिंगच्या शेडमधल्या दिव्यांना वापरता येईल का?

जुना वायरमन

आळ खोटा असला तरी ती पाच महिन्यांहून अधिक काळ उतरलेल्या अवस्थेत पडून आहे, आणि उतरलेली बॅटरी पडून राहिली की तेवढ्यानेच मरते. तरी प्रयत्न करायला हरकत नाही. पाणी पातळीवर आणा आणि तीन-चार ॲम्पिअरने सावकाश चार्ज करा. मधून मधून हात लावून पाहा. अंग चांगलेच तापू लागले तर थांबवा. मग एक रात्र ठेवून सहाही सेलांचे हायड्रोमीटरचे आकडे टाका.

निफाडचा टोमॅटोवाला

पाच सेल १.२१० ते १.२२०. तिसरा सेल १.१४०.

जुना वायरमन

तो सेल गेला. त्या बॅटरीचा नाद सोडा. ॲसिड बांधावर ओतू नका आणि बॅटरी भंगारवाल्यालाही देऊ नका. जिथून नवी घेतली त्या दुकानात नेऊन द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानदार त्या शिशाचा भाव देतो. मागच्या वेळी पटला नव्हता तो भाव या वेळी दोन दुकानांत विचारून पाहा.